फुप्फुसांचे मिस्त्री

वुहान शहराच्या वूचांग भागात यांगत्से नदीच्या काठाने एक लांबलचक बाग आहे. तिथे सकाळी सात ते नऊच्या दरम्यान खोकू नये. रोगाची भीती म्हणून नव्हे. द्येद्ये ऐकतील म्हणून.

तुमचा खोकला अगदी किरकोळ असतो. चहा घाईने प्यायलेला असतो, नाहीतर झाडांची लव उडून घशात गेलेली असते. पण रुमाल खिशात परत जायच्या आत बांबूच्या बेटामागून एक गृहस्थ येऊन उभे राहतात. अंगात निळं जाकीट, काखेत गरम पाण्याचा थर्मास, त्यात तरंगणारी लाल गोजी फळं, आणि गळ्यात एकाच दोरीला घराची किल्ली व ऑक्सिमीटर. "सुका की कफाचा?" हा त्यांचा नमस्कार. तुम्ही उत्तराची जुळवाजुळव करता तोवर तुमचं बोट त्या चिमट्यात गेलेलं असतं आणि त्यांचा अंगठा तुमच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात रुतलेला असतो. त्या बिंदूचं चिनी नाव इथे देत नाही. मराठीत ते चारचौघांत उच्चारण्यासारखं नाही. दुखतं मात्र भरपूर. तुम्ही कळवळलात की द्येद्ये समाधानाने मान हलवतात. "दुखलं ना? म्हणजे तिथंच अडलंय." आणि नाहीच दुखलं तर, "बघा, किती आत दडून बसलंय!"

वुहानमध्ये कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला द्येद्ये म्हणतात आणि म्हातारीला फोफो. त्यामुळे यांचं खरं नाव विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. असा एक द्येद्ये चीनमधल्या प्रत्येक सार्वजनिक बागेत असतो. सकाळी तिथे काही मंडळी उलटी चालत असतात, काही झाडाच्या बुंध्यावर पाठ आपटत असतात, कुणी चाबकाने भलाथोरला भोवरा फिरवत असतो, कुणी पाण्यात बुचकळलेल्या कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढून ती वाळताना बघत असतो. एवढ्या माणसांच्या तब्येतीकडे कुणी लक्ष द्यायचं?

आमच्या द्येद्येंची सगळी नोकरी झोंगहुआ रस्त्याच्या धक्क्यावरून पलीकडे हांकौला जाणाऱ्या फेरीबोटीच्या इंजिनखोलीत झाली. साठाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झाले आणि हातात दुरुस्तीला काही उरलं नाही. सुरुवातीला घरातले नळ, पंखे आणि शेजाऱ्यांच्या विजेवरच्या स्कूटरी यांच्यावर त्यांनी भागवलं, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या फोफो, सांगतात. माणसाचं शरीर त्यांना पुढे सापडलं. अजूनही त्यांच्या बोलण्यात फुप्फुस म्हणजे एअर फिल्टर असतं, कफ म्हणजे साचलेला कार्बन असतो आणि धाप लागलेल्या माणसाला ते "मिक्स्चर चुकलंय" असं सांगतात.

२३ जानेवारी २०२० ला शहर बंद झालं, त्याच सुमारास द्येद्येंना ताप भरला. पुढचं ते स्वतः फार कमी बोलतात. मोठ्या इस्पितळात बरेच दिवस ऑक्सिजनवर होते, पालथं निजवून ठेवलं होतं आणि फोनवर दोन शब्दांमागे एक श्वास घ्यावा लागायचा, एवढं फोफोंकडून कळतं. फोफोंनाही तोच आजार झाला, पण सौम्य. त्यांची रवानगी ज्यांगश्या भागातल्या तात्पुरत्या इस्पितळात झाली. ते मुळात क्रीडासंकुल. १४ फेब्रुवारी ते १० मार्च या काळात तिथे पारंपरिक चिनी वैद्यकाच्या डॉक्टरांनी ५६४ रुग्ण सांभाळले. ठरल्या वेळी काढा, आणि खाटांच्या मधल्या जागेत ताइची आणि बादुआनजिन. नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातला कर्मचारी पुढे, पायजम्यातले रुग्ण मागे. तिथल्या पथकाचे नेते झांग बोली सत्तरी ओलांडलेले. त्या धामधुमीतच त्यांचं पित्ताशय काढावं लागलं आणि ते पुन्हा कामाला लागले. आपण पित्ताशय वुहानलाच ठेवून आलो, असं ते नंतर गमतीने म्हणत. फोफो ही गोष्ट अशा थाटात सांगतात की ते यांच्याच कपाटात ठेवलेलं असावं.

म्हणजे रीतसर शिक्षण झालेलं आहे ते फोफोंचं. द्येद्ये इस्पितळातून सुटले तेव्हा बाहेरून शिकवणी लावल्यासारखे शिकले. सुटलेल्या रुग्णांना आणखी चौदा दिवस वेगळं ठेवत. त्या खोलीत फोनवर आलेल्या चित्रफिती बघून त्यांनी खिडकीकडे तोंड करून हात वर करायला सुरुवात केली. त्याआधी हा प्रकार म्हणजे बायकांचा वेळ घालवण्याचा धंदा, असं त्यांचं मत होतं. मग घरी आले. घर पाचव्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. ज्या माणसाने जन्मभर इंजिनं उचलली तो दर मजल्यावर कठडा धरून थांबत होता आणि वरच्या मजल्यावरचं पोर "द्येद्ये, मी पुढे जाऊ का?" असं विचारून शेजारून निघून जात होतं. हे मात्र ते स्वतः सांगतात, आणि त्या पोराचा राग अजून गेलेला नाही.

बादुआनजिन म्हणजे आठ हालचालींची मालिका. बाराव्या शतकात, सोंग राजवटीतल्या लिखाणात तिचा उल्लेख आहे. आज सगळीकडे शिकवतात ती चीनच्या क्रीडा प्रशासनाने २००३ मध्ये, म्हणजे नेमकं सार्सच्या वर्षी, प्रमाण ठरवून दिलेली आवृत्ती; संगीतासकट बाराएक मिनिटांची. फोफो ती जशीच्या तशी करतात. द्येद्येंनी तिच्यात जागोजागी फेरफार केले आहेत. पहिल्या हालचालीत दोन्ही तळवे आभाळाला टेकवायचे असतात. ते त्यांनी कायम ठेवलं. दुसरीत घोड्यावर बसल्यासारखं बसून ससाण्यावर बाण सोडायचा असतो. इथे ते खरोखरचा ससाणा शोधतात, आणि तो मिळेपर्यंत मागची दहा-पंधरा गुडघेदुखीची माणसं घोड्यावर बसून असतात. सहावीत वाकून पावलं धरायची. ती "ऐच्छिक" आहे, कारण मधे पोट येतं. सातवी त्यांची सगळ्यांत आवडती. मुठी आवळायच्या आणि डोळे वटारून समोर बघायचं. याने बळ वाढतं म्हणतात. द्येद्ये इतके मनापासून वटारतात की समोरच्या वाटेवरून कुत्री फिरवायला आणणारे लोक आता पलीकडच्या वाटेने जातात.

आठवी हालचाल म्हणजे टाचा उचलून सात वेळा जमिनीवर आपटणं. सात धक्क्यांत शंभर रोग पळतात, असं परंपरा सांगते. द्येद्ये पडले यंत्रातले; त्यांनी भागाकार केला. दर धक्क्याला चौदा रोग, म्हणजे अठ्ठ्याण्णव झाले. उरलेल्या दोघांचं काय, असं कुणीतरी विचारलं.

"ते दोन आमच्या घरी आहेत," फोफो टाचा आपटता आपटता म्हणाल्या. "एक तोंडाचा आणि एक कानाचा."

मालिका संपली की फुप्फुसांचा खास कार्यक्रम. सहा ध्वनींची एक जुनी श्वसनपद्धत आहे. सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंग या ताओपंथी वैद्याच्या नावावर ती सांगतात. यकृताला एक ध्वनी, हृदयाला दुसरा, असे वाटून दिलेले, आणि फुप्फुसाच्या वाट्याला आलेला आहे 'स्स्स'. दात जवळ आणून, श्वास संपेपर्यंत, सावकाश. तीस म्हातारी माणसं नदीकाठी एकदम 'स्स्स' करू लागली की जेवणाचे डबे पोचवणारी पोरं स्कूटर थांबवून खाली वाकून टायर बघतात. द्येद्येंना हे माहीत आहे. तरीही दरवेळी ते त्या पोराला बोलावून घेतात, "तुझा नाही, आमचा जातोय" असं सांगतात, आणि आलाच आहेस तर बोट दे म्हणून ऑक्सिमीटर लावतात.

आता खरं सांगायचं तर यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढंच कामाचंही आहे. फार मोठ्या न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचं नुसतं फुप्फुस गेलेलं नसतं. अंथरुणात पडून मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झडलेले असतात, छातीचा भाता आखडलेला असतो, आणि धाप लागेल या भीतीने माणूस हलायचंच टाळतो. न हलल्याने आणखी धाप लागते. अशाला एकदम धावायला लावता येत नाही. उभ्याउभ्या सावकाश हात वर नेणं, धनुष्य ओढण्याच्या निमित्ताने छाती उघडणं, टाचा उचलून पोटऱ्यांना काम देणं आणि लांब उच्छ्वास टाकणं हे त्याला झेपतं. दमेकऱ्यांना ओठांचा चंबू करून हवा सोडायला कुठलाही छातीचा डॉक्टर शिकवतो. 'स्स्स' त्याच घराण्यातलं आहे. शिवाय शेजारचा माणूसही आपल्याइतकाच दमलाय हे दिसत असतं. वर्षभर सोफ्यावरून न उठलेल्या माणसांना द्येद्येंनी खांद्याला धरून रांगेत उभं केलेलं मी पाहिलं आहे. नाही म्हणायची सोयच नसते. ते दाराशी येऊन थांबतात.

पण श्रेय ते व्यायामाला देत नाहीत. श्रेय देतात गुडघ्याखालच्या बिंदूला. त्सूसान्ली. वाटीच्या खाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. चिनी मापात तीन 'त्सुन', आणि यातली खुबी अशी की माप रोग्याच्या स्वतःच्या बोटांनी घ्यायचं. ज्याचा देह त्याची फूटपट्टी. द्येद्ये सगळ्यांना आपल्या जाडजूड बोटांनी मोजतात. एका बारक्या चणीच्या आजींचा बिंदू त्यांनी जवळपास घोट्यात नेला होता. फोफोंनी हटकलं तर म्हणाले, "थोडं इकडेतिकडे चालतं. इंजिनाला कळतं आपल्याला कुठे ठोकलंय ते." लोक त्यांचं ऐकतात यात नवल नाही. १९६३ पासून चिनी शाळांतून पोरांना रोज डोळ्यांभोवतीचे बिंदू चोळायला लावतात. अख्खा देश लहानपणापासून स्वतःला दाबत मोठा झालेला. कुणी अंगठा पुढे केला की पाय आपोआप पुढे येतो.

आणि त्यांच्याकडे पुरावा आहे. हिवाळ्यात वुहानमध्ये हाडं गोठतात. उत्तरेसारखी घरोघरी सरकारी उष्णता इथे येत नाही. नवा माणूस येतो, गारठलेलं बोट चिमट्यात घालतो, आकडा येतो ९४. द्येद्ये त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बेचक्यात रगडतात, मग त्सूसान्ली, मग पुन्हा हात. पाच मिनिटांनी आकडा ९७. टाळ्या. आता हे यंत्र बोटातल्या रक्तातून उजेड पाठवून मोजतं. बोट गार असलं, रक्त कमी पोचत असलं की ते चुकीचं कमी दाखवतं, आणि तसंही एक-दोन आकडे इकडेतिकडे करतंच. हे फोफोंनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं. "बोट गार होतं, तुम्ही चोळून गरम केलंत. झालं."

"गार बोट!" द्येद्ये छद्मी हसले. "अडाण्यांची समजूत आहे ती."

मी एकदा विचारलं, की इस्पितळात इतके दिवस ऑक्सिजन दिला, त्याचं काहीच नाही का? ते थर्मासचं झाकण फिरवत राहिले. "ऑक्सिजन तर वॉर्डात सगळ्यांनाच होता," म्हणाले. त्या वाक्याच्या पुढे ते जात नाहीत. मीही गेलो नाही.

मी भारतीय आहे हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते क दिह्वा यांच्याबद्दल. म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनमधल्या जुन्या पिढीला हे नाव पाठ असतं. मी कोटणीसांच्याच सोलापूरचा म्हटल्यावर माझा दर्जा एकदम वाढला आणि मला पहिल्या रांगेत, फोफोंच्या शेजारी जागा मिळाली. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथक याच वुहानमध्ये, हांकौला काम करून पुढे गेलं होतं, हे द्येद्येंनी मलाच सुनावलं. मग गंभीर झाले. "बत्तिसाव्या वर्षी गेले. आकडी येत होती ना त्यांना? नाकाखाली, ओठाच्या वर बिंदू आहे. कुणी दाबला नसणार." आमच्याकडे अशा वेळी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, हे मी बोललो नाही. त्याऐवजी कोटणीसांच्या पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन गेले, हे सांगितलं. "म्हणजे शेवटी इथूनच नेलंत," असं म्हणून द्येद्येंनी विषय जिंकला.

मग मी प्राणायाम काढला. सोलापूरकर किती वेळ ऐकून घेणार! अनुलोम-विलोम करून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण बसून करता. आणि एका वेळी एकच नाकपुडी वापरता. दोन सिलिंडर असताना एक बंद कशाला?" वर छांगशातल्या मावांगदुईच्या थडग्यात सापडलेलं रेशमी चित्र माझ्या तोंडावर मारलं. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेलं थडगं, त्यात व्यायाम करणारी चव्वेचाळीस माणसं रंगवलेली. "तुमच्याकडे चित्र आहे का?" चित्र नव्हतं. हुआ तुओ या प्राचीन वैद्याचा शिष्य प्राण्यांच्या नकला करकरून नव्वदीत शाबूत दातांनी जेवत होता, हेही त्यांनी ऐकवलं. ऐकवताना स्वतःची कवळी जिभेने जागेवर बसवली.

द्येद्येंचा सुवर्णकाळ आला तो डिसेंबर २०२२ मध्ये. कडक निर्बंध एकाएकी उठले आणि सगळा देश एकदम आजारी पडला. औषधांच्या दुकानात तापाची गोळी मिळेना, ऑक्सिमीटर मिळेना. लोक पिवळ्या पीचचे डबे घेऊन घरी बसले, कारण लहानपणी आजारी पडलं की आई तेच द्यायची. महिन्याभराने बाग खोकणाऱ्यांनी भरून गेली. आणि तिथे आपल्या गळ्यात २०२० सालचा अस्सल ऑक्सिमीटर घालून द्येद्ये उभे. आता प्रश्न बदलला. सुका की कफाचा हे नंतर, आधी, "कोणत्या सालचा?" बावीसचा म्हटलं की ते स्वातंत्र्यसैनिकाने पंधरा ऑगस्टनंतर टोपी घातलेल्याकडे बघावं तसं बघत. "बावीस! बावीसला काय होतं, लस होती, सगळं माहीत होतं. आम्ही वीसचे." वीसची मंडळी पहिल्या रांगेत, बावीसची मागे. सौम्य वीस आणि गंभीर बावीस यांत वर कोण, यावरून एकदा चांगलंच वाजलं. फोफो सौम्य वीस असल्याने निकाल त्यांच्या बाजूने लागला.

त्याच जानेवारीत एक निवृत्त शाळामास्तर आले. नवे, बावीसचे, मुलीने ओढून आणलेले. आकडा ८८. द्येद्येंनी हात रगडले. ८८. त्सूसान्ली दाबला, मनगट दाबलं, पाठीत वरच्या मणक्याशेजारी दाबलं. ८७. मास्तरांचे ओठ जांभळट दिसत होते. द्येद्येंचा हात थांबला. नेहमी बडबडणारा तो माणूस त्या चिमट्याकडे नुसता बघत राहिला.

"१२० लावा," फोफो म्हणाल्या. रुग्णवाहिकेचा तो नंबर. गाडीला वेळ लागला. त्या दिवसांत लागायचाच. तेवढ्या वेळात द्येद्येंनी कुठलाही बिंदू दाबला नाही. मास्तरांना बाकावर पुढे झुकवून, हात गुडघ्यांवर टेकवून बसवलं, आपलं जाकीट त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि समोर उकिडवे बसून ओठांचा चंबू करून दाखवत राहिले: असं सोड, आणखी सोड, घाई नाही. गाडी आल्यावर मुलीबरोबर स्वतः चढले. कर्मचाऱ्याने कोण म्हणून विचारलं तर "वीसचा" म्हणाले.

मास्तर वाचले. वसंतात बागेत परत आले, बारीक झालेले, काठी टेकत. द्येद्येंनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि त्सूसान्लीचा महिमा सांगायला घसा साफ केला. पण मास्तर जन्मभर बोलून जगलेले. त्यांनी पिशवीतून वही काढली. इस्पितळात ऑक्सिजन होताच, पण आपण वाचलो ते मनगटाच्या आतल्या बिंदूमुळे, नैगुआन, आपण तो रोज स्वतः दाबत होतो आणि तारीखवार नोंद ठेवली आहे. पायाचा संबंध नाही. पाय पांघरुणात होता.

तेव्हापासून बागेत दोन पक्ष आहेत, पायाचा आणि मनगटाचा. दोन रांगा, दोन 'स्स्स', मागेपुढे सुटणारे. मधोमध फोफो सरकारी आवृत्ती करत असतात आणि पाचवीनंतर सहावी कोणती हे आठवेनासं झालं की दोन्ही पुढारी तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघतात. व्यायाम संपला की दोघे जण बाकावर शेजारी बसून एकमेकांना ऑक्सिमीटर लावतात. रोज, न चुकता, निकाल मोठ्याने वाचून. परवा मास्तरांचा आकडा आला ९८. वहीत लिहिला. मग द्येद्येंनी बोट घातलं. ९५.

मास्तरांनी पेन टेकवलं.

"लिहू नका," द्येद्ये म्हणाले. "बोट गार आहे माझं."